पगार सोडून सांगा: सिएटलला किंवा सॅन होजेला माणूस नेमका कशासाठी जातो?

निशाचर | शनिवार, रात्री ११.४०

नमस्कार. मी इंदूरचाच. शिक्षण येथे झाले आणि नोकरीही येथेच, सुपर कॉरिडॉरच्या बाजूला आहे. वय ३१. गेली सहा वर्षे एका अमेरिकी कंपनीच्या येथील शाखेत काम करतो. सिएटलचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा, त्यामुळे हे नाव मला घरच्यांनीच दिले आहे. गेल्या आठवड्यात कंपनीने विचारले की सिएटलच्या कार्यालयात बदली घेणार का. व्हिसा एल-वन, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीचा, असेल. उत्तर देण्यास महिनाभराची मुदत आहे.

पगार वाढेल हे मला समजते. तेवढ्यासाठी धागा काढला नसता. माझ्या वर्गातली निम्मी मुले आज बाहेर आहेत आणि त्यांच्यापैकी एकानेही मला पगाराखेरीज दुसरे कारण धडपणे सांगितलेले नाही. सगळे जण ‘एक्सपोजर’ म्हणतात आणि त्याचा अर्थ विचारला की हवापाण्याकडे वळतात. आपले काम संगणकावर चालते. संगणक येथेही आहे आणि इंटरनेटही आहे. मग जगभरातली माणसे त्याच चार-पाच शहरांत, डोळे पांढरे करणारे भाडे देऊन का राहतात? जे गेले, जे जाऊन परतले आणि ज्यांनी जाण्याचे नाकारले, त्या सर्वांनी लिहावे.

पोहेजलेबी | शनिवार, रात्री ११.५२

रात्री पावणेबाराला जागे आहात, म्हणजे अर्धे सिएटल तर झालेच आहे.

रुपयाआणापै | रविवार, सकाळी ८.०५

पगार सोडून सांगा, म्हणजे नवरदेव वगळून वरात कशासाठी निघाली ते सांगा!

तरीही एक गोष्ट लिहितो, कारण लोक पगाराचा हिशेबच चुकीचा मांडतात. तेथील आकड्याला डॉलरच्या बाजारभावाने, म्हणजे ऐंशी-नव्वदने गुणतात आणि भोवळ येऊन बसतात. जागतिक बँक क्रयशक्तीचा जो हिशेब करते, त्यात एक डॉलर साधारण वीस-बावीस रुपयांच्या आसपास भरतो. म्हणजे तेथे राहून तेथेच खर्च करणाऱ्याला बाजारभावाच्या गुणाकाराचा काही उपयोग नाही. तो गुणाकार लागतो केवळ शिल्लक रकमेला, आणि तीही येथे आणली तर. ही शिल्लक मासिक पगारातून फारशी पडत नाही. ती पडते कंपनीच्या शेअरांतून, जे बहुधा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती येतात आणि ज्यातले पहिले वर्ष पुरे होईपर्यंत अनेक ठिकाणी एकही मिळत नाही. शिवाय वॉशिंग्टन राज्यात पगारावर राज्याचा आयकर नाही, कॅलिफोर्नियात तो चांगलाच आहे. त्यामुळे सिएटल आणि सॅन होजे यांना एकाच श्वासात धरू नये.

रेडमंडकर | रविवार, सकाळी ९.३०

मी एसजीएसआयटीएस या इंदूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा. येथे, सिएटलशेजारी रेडमंडला, येऊन चौदा वर्षे झाली. ‘एक्सपोजर’ या शब्दाची फोड करण्याचा प्रयत्न करतो, कारण तो शब्द मीही अनेक वर्षे विचार न करता वापरला आहे.

इंदुरात असताना मी रात्रीच्या मीटिंगला न चुकता हजर असायचो. माझे म्हणणे ऐकले जायचे, टिपले जायचे, त्याबद्दल आभारही मानले जायचे. दोन दिवसांनी कळायचे की निर्णय निराळाच झाला आहे. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. येथे आल्यावर पहिल्याच महिन्यात उलगडा झाला: फोन ठेवल्यानंतर खोलीतली माणसे लगेच उठत नाहीत. दोघे-तिघे फळ्यापाशी उभे राहतात, एक जण म्हणतो, “ते ठीक आहे, पण आपण असे केले तर?” आणि पुढल्या दहा मिनिटांत पुढल्या सहा महिन्यांचे काम ठरते. त्या दहा मिनिटांचे इतिवृत्त कोणी लिहीत नाही आणि इंदूरला ते कधीच पोहोचत नाही. निशाचर, आपल्या प्रश्नाला माझे एवढेच उत्तर आहे की मी त्या दहा मिनिटांसाठी आलो. वरकरणी तेव्हा मीही पगारच सांगितला होता, कारण आईवडिलांना पगार समजावून सांगता येतो, फळा समजावून सांगता येत नाही.

भाड्याबद्दल आपण लिहिलेले खरे आहे. पावसाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो: मालव्याचा पाऊस येतो, कोसळतो आणि जातो, येथला येतो आणि जात नाही.

तिलकनगरची आई | रविवार, दुपारी १२.१५

मी तंत्रज्ञ नाही. माझा मुलगा कॅलिफोर्नियात आहे, म्हणून लिहिते. वरील भाऊंचे फळ्याचे वर्णन छान आहे, पण फळ्यापाशी एक जण उभा असतो आणि घरी दुसरे माणूस असते. माझी सून एम.टेक. आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-फोर व्हिसा मिळतो; त्यावर काम करण्याची परवानगी २०१५ पासून मिळू लागली खरी, पण ती सर्वांना नाही. नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्यापर्यंत मंजूर झालेला असावा लागतो, नाहीतर त्याला एच-वन-बीची सहा वर्षांपुढली मुदतवाढ मिळालेली असावी लागते. तो टप्पा येईपर्यंत तीन वर्षे माझ्या हुशार सुनेने घर आवरले आणि ग्रंथालयातली पुस्तके वाचली. ती तक्रार करीत नसे, म्हणून मला अधिक वाईट वाटे. निशाचर, आपले लग्न झाले आहे का, हे आपण लिहिलेले नाही.

निशाचर | रविवार, दुपारी १२.४०

झाले आहे, काकू. पत्नी सीए आहे. एल-वनवाल्याच्या जोडीदाराला वेगळा परवाना न घेता काम करता येते, असे कंपनीकडून समजले.

तिलकनगरची आई | रविवार, दुपारी १२.५५

येते, आणि २०२१ पासून त्यासाठी निराळा कागदही लागत नाही. परंतु आपल्या सीएच्या पदवीवर तेथे सही करता येत नाही. त्यासाठी सीपीएची, म्हणजे तेथल्या सनदी लेखापालाची, परीक्षा द्यावी लागेल. तिला विचारले का? “चालेल” म्हणाली असेल तर पुन्हा एकदा विचारा.

रामबागकर | रविवार, दुपारी ४.२०

मंडळी, मी ७४ वर्षांचा निवृत्त प्राध्यापक आहे, त्यामुळे थोडे मागून सुरू करतो. आपण येथे जमलेले सगळे मराठी लोक इंदूरचे म्हणवतो, पण मुळात इंदूरचे किती? माझे पूर्वज सातारकडचे. मंदसोरच्या तहानंतर १८१८ साली होळकरांची राजधानी इंदुरात स्थिरावली, दरबार वाढला, दफ्तरे वाढली आणि मोडी लिहिणाऱ्या हातांना काम निघाले. आमच्या पूर्वजांना सातारकडे हिशेब लिहिता येत नव्हता असे नाही. कागद आणि शाई तिकडेही होती, जसा निशाचर यांच्या मते संगणक येथेही आहे. पण ज्या कागदावर शिक्का उमटायचा, तो कागद येथे लिहिला जात होता. रेडमंडकरांचा फळा आणि आमच्या पूर्वजांचे दफ्तर या दोहोंत मला फारसा फरक दिसत नाही.

परतलेला | रविवार, सायंकाळी ५.०५

रामबागकर सर, आपल्याबद्दल आदर ठेवून असहमती नोंदवतो. आपल्या पूर्वजांना दरबाराने राहायला जागा दिली असेल, वंशपरंपरागत काम दिले असेल. नोकरी गेल्यापासून साठ दिवसांत इंदूर सोडा, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मला सांगितले होते.

२०२२च्या नोव्हेंबरात मेटाने ११,००० आणि २०२३च्या जानेवारीत गूगलने १२,००० माणसे कमी केली, ते सर्वांनी वाचले असेल. त्याच लाटेत आमच्या, त्यांच्याहून पुष्कळ लहान, कंपनीतही यादी निघाली आणि तीत मी होतो. व्हिसावरच्या माणसाला दुसरी नोकरी शोधण्यास फार तर साठ दिवस मिळतात, आणि त्या दोन महिन्यांत त्या गावात माझ्यासारखे हजारो जण त्याच दारांवर उभे होते. मुलीची शाळा, गाडीचे हप्ते, घराचा करार, सगळे साठात बसवायचे. बसले नाही. आता इंदुरात आहे, बरा आहे, मुलगी सहावीत आहे आणि अजूनही पोह्यांवर शेव नको म्हणते.

पोहेजलेबी | रविवार, सायंकाळी ५.११

बाकी सर्व सोसता येईल. शेव नको, हे मात्र गंभीर आहे.

कारखानदार | रविवार, रात्री ८.३०

मी गेलो नाही. आठ वर्षांपूर्वी येथेच सॉफ्टवेअरची लहान कंपनी काढली, आज तेवीस माणसे आहेत. मला वाटते निशाचर यांच्या प्रश्नाचे उत्तर सराफ्यात आहे. रात्रीच्या खाऊगल्लीत नव्हे, दिवसाच्या सराफ्यात.

सगळे सराफ एकाच गल्लीत का बसतात, याचे कारण आपण ग्राहकाच्या बाजूने देतो. कारागिराच्या बाजूने विचार करून पाहा. एका पेढीवरचा कारागीर मालकाशी भांडून उठला, तर चार पावलांवर दुसरी पेढी आहे. त्याला ना घर बदलावे लागते, ना मुलांची शाळा. मालकालाही तेच सोयीचे: एक कारागीर गेला तर सायंकाळपर्यंत दुसरा मिळतो. तोच कारागीर खातेगावसारख्या लहान गावी एकुलत्या एका पेढीवर असेल, तर भांडण झाल्यावर त्याला गाव सोडावे लागेल, म्हणून तो भांडत नाही. आणि मालकही त्याला जपून असतो, पण पगार मात्र वाढवत नाही.

आमच्या धंद्यात इंदूर अजून खातेगाव आहे. राग मानू नका, हे मी स्वतःच्या तेवीस माणसांवरून सांगतो. डेटाबेस आतून ओळखणारा एक वरिष्ठ अभियंता गेल्या वर्षी गेला, तर त्याच्या जागी माणूस मिळण्यास मला सात महिने लागले आणि शेवटी तो पुण्याहून आणावा लागला. त्यातले तीन महिने तर त्याच्या जुन्या कंपनीतल्या नोटीस पिरियडचे होते! उलट बाजूने, माझ्याकडे कंटाळलेल्या माणसाला त्याच तोडीचे काम देणाऱ्या कंपन्या या शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे येथे नोकरी बदलायची तर गाव बदलावे लागते. सॅन होजे ते पालो आल्टो हा पट्टा तसा नाही.

तो पट्टा तसा का झाला, याचे एक कारण कायद्यात आहे. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही, असे कलम कॅलिफोर्नियात १८७२ पासूनच निरर्थक ठरते. १९५७ साली ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या शॉकली यांच्या प्रयोगशाळेतून आठ जण एकदम उठून गेले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली. त्यांच्यातलेच नॉइस आणि मूर १९६८ साली पुन्हा उठले आणि इंटेल निघाली. बर्कले विद्यापीठातल्या अभ्यासक ॲनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ साली या पट्ट्याची बोस्टनच्या बाजूच्या उद्योगांशी तुलना करून दाखवली. बोस्टनकडे कंपन्या मोठ्या होत्या, माणसेही तोलामोलाची होती, पण प्रत्येकाचा वाडा बंद होता. ज्ञान माणसाच्या डोक्यातून चालते, आणि माणूस हलला नाही तर तेही हलत नाही.

पुणे-इंदूर-पुणे | रविवार, रात्री ९.१५

कारखानदार, आपण माझ्या मनातले लिहिले. मी एकोणतिसाव्या वर्षात आहे आणि सात वर्षे पुण्यात नोकरी करते. दर दोन महिन्यांनी रात्रीच्या बसने इंदूरला येते. लोकांना वाटते की मोठी उडी परदेशाची. माझा अनुभव असा की मोठी उडी इंदूर ते पुणे हीच होती. आईच्या हातचे जेवण, स्वतःची खोली, सायंकाळी राजवाड्यापर्यंतची चक्कर, हे सगळे त्याच वेळी सुटले. त्यानंतर पुणे काय आणि ॲमस्टरडॅम काय, भाड्याच्या खोलीला भाड्याचीच खोली जोडायची. मला अजून परदेशाची संधी आलेली नाही. आली तर मी आठवडाभरात होकार देईन, कारण जे सोडायचे होते ते आधीच सोडून झाले आहे. निशाचर यांना एवढे जड का जाते, ते म्हणूनच मला समजते. ते घरून निघणार आहेत.

रुपयाआणापै | रविवार, रात्री ९.४०

म्हणजे पुण्यातला पगारही सोडूनच सांगायचा का?

म्युनिकमधून | सोमवार, रात्री १२.५०

सर्वांचे लिखाण अमेरिकेभोवती फिरते आहे, म्हणून इकडचे सांगतो. माझ्या हाती तेथल्याइतका पगार येत नाही आणि कर व विमा वजा जाता उरलेले पाहून रुपयाआणापै यांना चक्कर येईल. मी आलो तो कागदांसाठी. युरोपीय ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर, जर्मनीत २७ महिने काम केले की कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो आणि भाषा बी-वन या मधल्या पातळीपर्यंत शिकली असेल तर २१ महिन्यांतच. मी २१ महिन्यांत घेतला; व्याकरणाने केस पांढरे झाले, हा भाग वेगळा. अमेरिकेत नोकरीच्या आधारावर दिल्या जाणाऱ्या ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला सुमारे १,४०,००० आहे आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतला साधारण सात टक्के वाटा मिळतो. भारतीयांची रांग त्यामुळे इतकी तुंबली आहे की २०२५ साली ईबी-टू या उच्च पदवीधरांच्या गटात २०१३च्या आसपास अर्ज केलेल्यांची पाळी चालू होती.

फळा आमच्याकडे तेवढा मोठा नाही, हे मान्य. मोठे निर्णय बहुतेक वेळा इथेही अमेरिकेतूनच येतात. पण नोकरी गेली तर मला कोणी साठ दिवस मोजून देत नाही.

परतलेला | सोमवार, सकाळी ७.३०

आता कारखानदारांच्या सराफ्याकडे परत येतो, कारण रात्रभर तेच डोक्यात होते. त्यांचे म्हणणे खरे धरले, आणि मला ते खरे वाटते, तर निशाचर यांच्या बाबतीत एक विचित्र पेच उभा राहतो, जो अजून कोणी मांडलेला नाही. एल-वन व्हिसा त्याच कंपनीला बांधलेला असतो. तो दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. म्हणजे आपण खातेगावातून उठून थेट सराफ्यात जाणार, चहूबाजूंनी पेढ्या, प्रत्येक दारातून हाका, आणि पायात दोरी एकाच पेढीची. सिएटलच्या ज्या गुणासाठी जायचे, तोच गुण आपल्याला वापरता येणार नाही.

दोरी सोडवायची तर एच-वन-बी लागेल, आणि त्याच्या वर्षाला ६५,००० जागा अधिक अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेल्यांसाठी २०,००० एवढ्याच. अर्ज त्याच्या कित्येक पटींनी, म्हणून निवड सोडतीने. २०२५च्या सप्टेंबरात अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्कही बसले.

कारखानदार | सोमवार, सकाळी ८.१०

हे मला सुचले नव्हते. माझाच दृष्टान्त माझ्यावर उलटला.

रेडमंडकर | सोमवार, सकाळी १०.००

परतलेला यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि मी स्वतः त्या दोरीवर साडेतीन वर्षे काढली. फळा तरीही होता. दोरी असताना माणूस जे शिकतो ते दोरी सुटल्यावर त्याच्याबरोबर जाते, त्यामुळे गणित अगदीच शून्याचे नाही. मात्र एक भेद लक्षात घ्या. एल-वनमध्ये ए आणि बी असे दोन प्रकार आहेत. ए व्यवस्थापकांसाठी, कमाल मुदत सात वर्षे. बी विशेष ज्ञान असलेल्यांसाठी, कमाल पाच. एच-वन-बीवाल्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज मंजूर झाला की सहा वर्षांपुढेही मुदत वाढत राहते. बीला मात्र पाच म्हणजे पाच. ए असेल तर पुढे ग्रीन कार्डासाठी ईबी-वन या वरच्या गटाच्या रांगेत उभे राहता येते, आणि ती ईबी-टूपेक्षा बरीच आखूड आहे.

जाता जाता सिएटलबद्दल, कारण आपण शहरे अशी का होतात हेही विचारले होते. मायक्रोसॉफ्ट १९७५ साली निघाली ती अल्बुकर्कमध्ये, कारण ज्या कंपनीच्या यंत्रासाठी त्यांनी पहिला प्रोग्राम लिहिला, ती तेथे होती. १९७९च्या जानेवारीत गेट्स आणि ॲलन यांनी ती उचलून सिएटलशेजारी बेलव्ह्यूला आणली, कारण ते दोघे सिएटलचे होते. पंधरा वर्षांनी बेझोस यांनी ॲमेझॉनसाठी हाच भाग निवडला. मायक्रोसॉफ्टमुळे जमलेले अभियंते हे त्यांतले एक कारण होते. दोन मुले घरी परतली, त्यावर हे सगळे उभे आहे.

तिलकनगरची आई | सोमवार, सकाळी १०.२५

मग आमची कधी परतणार?

रामबागकर | सोमवार, सकाळी ११.४५

ताई, आमच्या सातारकरांनीही तेच विचारले असेल.

परतलेला, आपली असहमती मान्य. दरबारी चाकरी तितकी पक्की नसे, मर्जी गेली की चाकरी जात असे. पण मर्जी गेली म्हणून गाव सोडावे लागत नसे, एवढा फरक मी विसरलो होतो.

निशाचर | सोमवार, रात्री ८.५०

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पत्नीबरोबर हा धागा पहिल्या ओळीपासून वाचला. काकूंच्या सांगण्यावरून तिला पुन्हा विचारले, तेव्हा ती म्हणाली की पहिल्या वेळी मी विचारले नव्हते, कळवले होते. सीपीएच्या परीक्षेची माहिती ती स्वतः काढते आहे आणि तिचा होकार किंवा नकार पंधरा दिवसांनी मिळेल.

माझ्यापुरते उत्तर असे दिसते की मला फळा हवा आहे आणि सराफा आत्ता मिळणार नाही. कंपनीच्या पत्रावर एल-वन-बी लिहिले आहे, हे आज पाहिले. माझ्या हाताखाली सहा जण आहेत, तरीही बी.

रेडमंडकर | सोमवार, रात्री ९.०५

ते सहाही पदवीधर अभियंते आहेत का? त्यांची वार्षिक मूल्यमापने, रजा, बढत्या आपणच ठरवता का? आणि हे काम गेले निदान वर्षभर सलग चालू आहे का? तिन्हींचे उत्तर होय असेल तर ए मागून पाहा. आपले पदनाम ‘लीड इंजिनिअर’ असेल तर कागदोपत्री ते आधी दुरुस्त करून घ्या; होकार दिल्यानंतर कोणी ऐकत नाही. ग्रीन कार्डाची प्रक्रिया किती महिन्यांनी सुरू करणार, हेही लेखी घ्या.

निशाचर | सोमवार, रात्री ९.१२

तिन्हींचे उत्तर होय. साडेदहाला मीटिंग आहे, आजच विषय काढतो.

रुपयाआणापै | सोमवार, रात्री ९.१४

शेअरांचेही विचारा.